शेवटच्या नावांत तू नाहीस

प्रिय सुमेध,

जय भीम.

तू गेल्यावर पुष्कळ जणांनी मला सांगितलं, मनात आहे ते लिहून काढ, हलकं वाटेल. मी नाही लिहिलं. मला हलकं व्हायचंच नव्हतं. आज लिहिते आहे, कारण राग मावत नाही. शाळेत पोरांवर निघायला लागला आहे, आणि पोरांनी काय केलं माझं? त्यांच्यापेक्षा तू बरा. म्हणून तुझ्यापासूनच सुरुवात करते.

तुझ्या पिक्चरचा दुसरा भाग वर्ध्याला लागला. गेल्या रविवारी आम्ही पाहून आलो. आई, मी आणि नालवाडीतल्या आपल्या गल्लीतल्या सहा बाया, दोन ऑटो करून. आईने ती मोरपंखी साडी नेसली होती, तू पहिल्या पगारात घेतलेली. पिक्चर संपल्यावर शेवटी नावं आली. तुझं नाव नव्हतं.

पुन्हा लिहिते, म्हणजे तुला नीट कळेल. सव्वा वर्ष तू ज्या बकरीपायी घरी आला नाहीस, ती बकरी आहे. तिचे डोळे आहेत, तिचे कान आहेत, तिच्या उड्या आहेत. तुझं नाव नाही.

पहिल्या भागाच्या वेळी कसं होतं, आठवतं? तेव्हा तुझ्याकडे नुसत्या कोंबड्या होत्या. अंगणात मागे फिरणाऱ्या, कुणाचं लक्षही जाणार नाही अशा. आई सगळ्यांना सांगायची, माझ्या पोरानं कोंबड्या केल्या. तेव्हाही शेवटपर्यंत बसलो होतो आपण तिघं. टॉकीज रिकामी झाली, झाडूवाला आत आला, आणि तुझं नाव आलं, इतकं बारीक की मी बोट दाखवेपर्यंत वर निघून गेलं. आईला इंग्रजी वाचता येत नाही. ती म्हणाली, मले दिसलंच नाई. म्हणून दुसऱ्या दिवशी मी एकटी पुन्हा तिकीट काढून गेले आणि मोबाइलवर त्या नावाचा फोटो काढून आणला. कोंबड्यांसाठी तुझं नाव आलं होतं, सुमेध. मग बकरीसाठी का नाही आलं?

तू पुण्याला गेलास तेव्हा आईला वाटलं होतं, पोराला चित्रं काढायची नोकरी लागली. मग एका दिवाळीच्या सुट्टीत, बकरीचं काम नुकतंच हाती आलं होतं तेव्हा, तू तिला लॅपटॉपवर दाखवलंस. खरी माणसं आधीच चालताबोलताना घेतलेली असतात, मधे जागा मोकळी सोडलेली असते, आणि त्या जागेत तू जनावर बसवतोस. नट हवेत हात फिरवतो आणि तू त्या हाताखाली बकरीची पाठ आणतोस. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे थो माणूस खोटंच कुरवाळून राह्यला अन् बकरी खरी करून राह्यला तू." तू किती हसलास तेव्हा. मला मात्र वाटलं होतं, आईला जेवढं कळलं तेवढं मला नाही कळलं.

मला तुझ्या कामाचा कधीच राग नव्हता. राग होता तो तू त्या कामाला सगळंच देऊन टाकलंस याचा. दीक्षाभूमीला जायला ऑक्टोबरात येतो म्हणालास, नाही आलास. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, नाही आलास. पट्टी काढली तेव्हा तिने पहिलं काय विचारलं असेल? "सुमेध आला काय?" मी म्हणाले, त्याची बकरी आजारी आहे. नर्स हसली. आई नाही हसली.

दर फोनवर तुझं एकच. पिक्चर लागू दे ताई, मग महिनाभर येतो. महिनाभर. कोणाला सांगत होतास तू?

मग तुला ताप आला. डेंग्यू होता, हे आम्हाला नंतर कळलं. तू पाच दिवस गोळ्या खाऊन ऑफिसात जात राहिलास. एकोणतीस वर्षांचा माणूस, दहावीला सायन्समध्ये पहिला आलेला, त्याला एवढं कळत नाही? तुझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या नेहाने मला सगळं सांगितलं. तू खुर्चीतून उठलास आणि तिथेच पडलास. दवाखान्यात नेईपर्यंत रक्तातल्या प्लेटलेट पार खाली आल्या होत्या. आम्ही गाडीत होतो तेव्हाच तू गेलास. आईला मी पुणे येईपर्यंत नाही सांगितलं. तिने रस्त्याने तुझ्यासाठी संत्री घेतली.

तुझ्या जलदानाच्या कार्यक्रमाला कंपनीतून तुझे साहेब आले होते. हार घेऊन, पुण्याहून इतक्या लांब, म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. विहारात त्यांना पुढे खुर्ची दिली. जाताना ते आईसमोर खाली बसले, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "काकू, ही बकरी सुमेधची आहे. पिक्चरमध्ये त्याचं नाव येईल. आम्ही विसरणार नाही."

आईने ते वाक्य आठ महिने जपलं. तुला माहीत आहे ती कशी आहे. किराणावाल्याला सांगितलं, पेन्शनच्या रांगेत सांगितलं, माझ्या शाळेतल्या मॅडम भेटायला आल्या तेव्हा त्यांना सांगितलं. कोणी म्हणालं, काय व, नशिबात होतं पोराच्या, तर ती म्हणायची, नाव येणार हाय त्याचं. जणू त्या नावासोबत तूही थोडा येणार होतास.

तर रविवारची गोष्ट.

पिक्चर विनोदी आहे, हे मी विसरलेच होते. पहिल्या भागातलं ते खेड्यातलं कुटुंब आता शहरात नवव्या मजल्यावर राहायला जातं आणि बकरी, कावळा, म्हैस त्यांच्या मागे निघतात. म्हैस लिफ्टमध्ये अडकते. टॉकीजमधली पोरं खुर्च्यांवर उभी राहून हसत होती. आपल्या सोबतच्या बायाही हसल्या. मग आई हसली. मला इतका राग आला तिचा. आणि पुढच्याच मिनिटाला बकरी वॉचमनच्या डब्यातली पोळी खाऊन डबा पायाने बंद करते, तिथे मलाही हसू आलं. सांग, कोणाचा राग करायचा माणसाने अशा वेळी?

मग तो तुकडा आला. घरातली बाई बकरीवर ओरडते आणि बकरी रुसून निघते. डोकं खाली, मागचा डावा पाय जरासा ओढत. चार पावलं चालते, थांबते, आणि मागे न बघता एक कान तेवढा मागे वळवते, कोणी बोलावतं का ते ऐकायला.

आई मोठ्याने म्हणाली, "चिंगी व माय."

पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिलं. आई माझा दंड धरून बसली होती. आपली बकरी चिंगी मरून वीस वर्षं झाली. नाल्याच्या पुलावरून पडून तिचा पाय अधू झाला होता, आणि तू शाळा बुडवून तिच्यामागे वही घेऊन फिरायचास. बाबांनी तुला त्यासाठी मारलंही होतं. ते सगळं तू तिथे ठेवलंस आणि आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाहीस. काऊन नाही सांगितलं रे? आम्ही कोणाला सांगणार होतो?

मग नावं सुरू झाली. लोक उठले. आमच्या आठ बाया बसून राहिल्या. मी एक एक ओळ वाचत होते. जेवण पुरवणाऱ्यांची नावं आली. गाड्या चालवणाऱ्यांची आली. नेहाचं आलं. तुझ्या साहेबांचं आलं, मोठ्या अक्षरात. जिथे शूटिंग झालं होतं त्या सोसायटीचे आभार आले. मग एक ओळ आली, की हा चित्रपट करताना कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही.

मी ती ओळ दोनदा वाचली. कोणत्याही प्राण्याला.

आणि पडदा काळा झाला.

आई म्हणाली, "आलं काय व त्याचं नाव? लवकर गेलं काय याही वेळी?"

बाया माझ्याकडे बघत होत्या. आईची साडी, केसांत शेजारच्या ताईंनी माळलेला गजरा, मांडीवर ठेवलेली ती पिशवी, तिच्यात पहिल्या भागाचा फोटो. मी म्हणाले, "आलं आई. आत्ताच गेलं वर."

तिने हात जोडले. पडद्याला.

सोमवारी तिने मला पेढे आणायला लावले आणि गल्लीभर वाटले. वर म्हणाली, उद्या शाळेतून येता येता जा अन् फोटो काढून आण, मागल्या वेळेसारखा. मी म्हणाले, उद्या मीटिंग आहे. मंगळवारी आल्यावर म्हणाले, बस चुकली. त्यातच पेपरात पिक्चरबद्दल छापून आलं. शेजारच्या काकांनी वाचून दाखवलं तिला, की त्यात बकरी अगदी जिवंत वाटते. जिवंत. मी पेपर घेतला आणि चुलीत घातला असता, पण आपल्याकडे आता गॅस आहे.

मंगळवारी मी मधल्या सुट्टीत शाळेच्या मागे उभं राहून तुझ्या साहेबांना फोन केला. नंबर नेहाकडून घेतला. मी ओळख सांगितली आणि नावाचं विचारलं. ते म्हणाले, यादी वरून येते, त्यांच्या हातात नसते. तुझा करार वर्षाचा होता, तो संपून दुसरा लागायचा होता, त्यात तू मधल्या काळातला. आणि जे लोक काम मधेच सोडतात त्यांची नावं यादीत धरत नाहीत, असा त्यांच्याकडे नियम आहे.

मी म्हणाले, "त्यानं काम सोडलं नाही साहेब. तो मेला."

ते म्हणाले, मला समजतं ताई, पण कागदावर तसंच येतं. पुढेमागे मोबाइलवर पिक्चर येईल तेव्हा नाव घालता येतं का विचारून बघतो म्हणाले. मी विचारलं, मग तुम्ही माझ्या आईला शब्द का दिला? ते म्हणाले, त्या वेळी तिच्याकडे बघून दुसरं काही सुचलं नाही.

हे ऐकून मला ओरडता आलं नाही, सुमेध. कारण रविवारी मलाही दुसरं काही सुचलं नव्हतं.

बुधवारी मी आईला खरं सांगितलं. ती अंगणात अंबाडीची भाजी निवडत होती. मी सगळं एका दमात सांगितलं, नियमही सांगितला, करारही. ती भाजी निवडत राहिली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "थ्या साहेबानं खोटं सांगतलं, थे समजते मले. त्याचं कोण मेलं होतं? तू काऊन सांगतलं?"

मी म्हणाले, तुला वाईट वाटू नये म्हणून.

ती म्हणाली, "गल्लीभर पेढे वाटवले माह्याकडून."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. गुरुवारी सकाळी तिने एकटीचा चहा केला. आपल्या आईने, जी भांडण झालं तरी पहिला कप समोरच्याला देते. मी शाळेत गेले, आले, तरी तशीच. मग चार-साडेचारला माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, लाव त्या साहेबाले फोन.

मी म्हणाले, आई, नाव नाही येणार आता. ती म्हणाली, लाव.

मी फोन लावला आणि आवाज मोठा करून तिच्या हातात दिला. मला वाटलं ती शिव्या देईल. मला ऐकायच्या होत्या तिच्या शिव्या. ती अगदी हळू बोलली, दवाखान्यात डॉक्टरशी बोलते तशी.

"साहेब, मी सुमेधची आई बोलून राह्यली. नावाचं राहू द्या. मले एक सांगा. त्याले पाच दिवस ताप होता, तं तुमच्यातलं कोणी त्याले म्हटलं काय, का बाबू, घरी जाय?"

फोन कटला असं वाटून मी हात पुढे केला. तेवढ्यात ते म्हणाले, "नाही काकू. कोणी नाही म्हटलं. मीही नाही."

आई म्हणाली, बरं. आणि फोन मला परत दिला. मग आत जाऊन तिने चहा ठेवला, दोघींचा.

मी तो चहा पिऊ शकले नाही. का ते तुला माहीत आहे. फक्त तुला माहीत आहे.

तू मला फोन केला होतास. तापाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. मी जाम गावच्या चौकात बसची वाट बघत होते, ट्रक जात होते, पण मला सगळं ऐकू आलं होतं. मी आठ महिने स्वतःला सांगते आहे की ट्रकमुळे नीट ऐकू नाही आलं. तू म्हणालास, "ताई, अंग तापलं आहे जरा. कंटाळा आला. येऊन जाऊ काय घरी?"

येऊन जाऊ काय, असं विचारलंस. स्वतःच्या घरी यायला परवानगी मागितलीस. आणि मी काय म्हणाले? आईच्या डोळ्याचा राग होता माझ्या पोटात, ऑक्टोबरचा होता, मी एकटीने धावपळ केली त्याचा होता. मी म्हणाले, "आता येतं काय? आईच्या ऑपरेशनले नाई आला अन् आता ताप आला तं आई आठवली? राह्य आता तुह्या बकरीपाशी. काम संपव अन् मंगच येजो."

तू हसलास. ठीक आहे ताई, संपवूनच येतो, म्हणालास. माझी बस आली.

तीन दिवसांनी नेहाचा फोन आला.

मला तुझाही राग आहे, ऐक. मी रागात बोलले म्हणून तू ऐकायचं होतंस का? आयुष्यात कधी ऐकलं होतंस माझं? चित्रकलेला जाऊ नको म्हणाले, गेलास. मोटारसायकल घेऊ नको म्हणाले, घेतलीस. एवढं एकच काऊन ऐकलं? उलट बोलायचं होतं. फोन आपटायचा होता. न सांगता गाडीत बसायचं होतं आणि दारात उभं राहून म्हणायचं होतं, काय करतं कर. मी दोन शिव्या दिल्या असत्या आणि पाणी गरम केलं असतं.

तुझ्या कंपनीवर मी चिडले, साहेबांवर चिडले, पेपरवर, पिक्चरवर, हसणाऱ्या पोरांवर. त्यांच्यावरचा राग खोटा नाही. त्यांनी तुला कागदावर पळपुटा ठरवलं आहे आणि ते मी सोडणार नाही. अर्ज लिहिला आहे, नेहा सही करते म्हणाली, तिच्यासोबतचे आणखी चौघं करणार आहेत. नाव आलं तर येईल. पण ते साहेब, ज्यांना मी आठवडाभर मनातल्या मनात फाडून खाल्लं, त्यांनी आईला निदान खरं उत्तर दिलं. मी तिच्या शेजारी बसून होते आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

आज शनिवार. शाळा सकाळची होती, लवकर घरी आले. आई विहारात गेली आहे, पाचपर्यंत येईल. ती आली की चप्पल काढायच्या आधी मी तिला त्या फोनबद्दल सांगणार आहे. तू काय विचारलंस आणि मी काय म्हणाले, शब्द न शब्द, ट्रकचं नाव न घेता. तिने माझ्याशी बोलणं सोडलं तर सोडू दे. तिच्या पोराने घरी येऊ का म्हणून विचारलं होतं, हे तिला कळायला हवं. तुला हा माझा शब्द.

फाटक वाजलं. ती आली.

तुझी ताई,
माया